मॅरेथॉनची तयारी आणि वजन कमी करणं एकाच वेळी जमेल का?

ठाणे_पहाट: वय 38, वजन 62 किलो, शाकाहारी. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला पूर्ण 42.195 किमी धावायचं आहे, हातात 20 आठवडे आहेत. खाणंही सुधारायचं म्हणून महिनाभर रात्रीचा भात आणि पोळी बंद केली आहे. आठवड्यातून चार दिवस धावते, चारही दिवस किमीला साडेसात मिनिटांच्या वेगाने. रविवारी कोरा चहा घेऊन 16 किमीला निघते, पण 12 नंतर पाय उचलत नाहीत. नडगीही आतल्या बाजूने दुखते. ऑफिसमुळे जेवायला रात्रीचे दहा वाजतात. नेमकं काय बदलू?

डाळभात: ताई, आधी भात परत ताटात घ्या. एक किमी धावायला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी लागते, म्हणजे तुमचे 16 किमी जवळपास हजार कॅलरींचे. शनिवारी रात्री पिष्टमय काही नाही आणि सकाळी नुसता चहा, मग स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा 12 किमीलाच संपत येणार. वजन उतरवायचंच असेल तर पहिल्या 6 आठवड्यांत, तळण आणि गोड कमी करून, हळूहळू. अंतर वाढायला लागलं की ते थांबवा. सतत कमी खाल्लं तर पाळी अनियमित होते आणि हाडं कमकुवत होतात.

प्रथिनं दिवसाला 90 ग्रॅमच्या आसपास हवीत, नुसत्या वरणावर तेवढी भरत नाहीत. 100 ग्रॅम पनीरमधून 18, अर्धी वाटी कोरड्या मुगाच्या उसळीतून साधारण 20, अर्धा लिटर दुधातून 16 ग्रॅम मिळतात. चहा मात्र जेवणापासून तासभर लांब ठेवा, त्याने लोह नीट शोषलं जात नाही. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-12 एकदा तपासून घ्या.

रात्री दहाचं जेवण टळत नसेल तर साडेसहाला ऑफिसमध्येच डब्यातली पोळी-उसळ खा. घरी आल्यावर मऊ वरणभात पुरे, झोपही लवकर लागेल.

संथ_पाऊल: चारही दिवस एकच वेग, हे मला जास्त खटकलं. त्यातले तीन दिवस सव्वाआठ ते पावणेनऊच्या वेगाने धावा. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, दम लागून तुटलं तर वेग जास्त आहे. रविवारचं अंतर 16, 18, 20 असं वाढवा आणि चौथ्या आठवड्यात 14 वर आणा. सगळ्यात लांब पल्ला 30 ते 32 किमीचा, तोही स्पर्धेच्या तीन आठवडे आधी. त्यानंतर अंतर कमी करत जायचं, तेव्हा घाबरून जास्त धावू नका.

नडगी अंगठ्याने वरून खाली दाबत जा. चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात दुखलं तर बहुधा अंतर झपाट्याने वाढल्याचा ताण आहे: आठवडाभर अंतर निम्मं करा, पायरीवर उभं राहून टाचा उचलण्याचे 15 चे तीन संच रोज करा, बूट 600-700 किमी धावले असतील तर बदला. पण एकाच ठिकाणी बोट ठेवून सांगता येईल असं दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर धावणं थांबवून हाडांच्या डॉक्टरांकडे जा. हाडाला बारीक चीर असली तरी सुरुवातीच्या एक्स-रेत ती बऱ्याचदा दिसत नाही.

ठाणे_पहाट: पट्ट्यात दुखतं, एका जागी नाही. धावताना खजूर चालतील का? आणि पाणी किती प्यायचं?

डाळभात: चालतील, बिया आधीच काढून ठेवा. निघण्याआधी एक केळं, मग पाऊण तासानंतर दर अर्ध्या तासाला तीन-चार खजूर घोटभर पाण्याबरोबर. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. पोटाला याची सवय रविवारीच लावायची, स्पर्धेच्या दिवशी नवीन काही नाही.

पाण्यासाठी धावण्याआधी आणि नंतर वजन करा. किलोभर घटलं म्हणजे प्यायलेल्या पाण्यापेक्षा लिटरभर घाम जास्त गेला. वजन वाढलं असेल तर पाणी जास्त होतंय, रक्तातलं सोडियम उतरू शकतं आणि ते धोक्याचं आहे. ओआरएसचं लिटरचं पाकीट पूर्ण लिटरमध्येच मिसळा. अर्ध्या बाटलीत घातलं की द्रावण तीव्र होतं आणि पोट बिघडतं.