शनिवार पेठेतील पेंटहाउस घ्यावे का? गच्ची, उंची आणि कागदपत्रांविषयी मार्गदर्शन हवे

प्रश्न

नमस्कार. शनिवार पेठेत एका जुन्या वाड्याच्या जागी बांधलेल्या इमारतीतले सर्वांत वरचे दोन मजली घर विक्रीस आहे आणि ते घेण्याचा आम्ही गांभीर्याने विचार करत आहोत. खालच्या मजल्यावर तीन शयनगृहे आहेत, तर आतल्या जिन्याने वर गेल्यावर एक खोली, काचेच्या भिंतींची बैठक, तिला लागून स्वयंपाकाचा छोटा ओटा आणि प्रशस्त गच्ची आहे. गच्चीच्या एका बाजूने शनिवारवाड्याचा तट दिसतो आणि दुसऱ्या बाजूने पर्वतीची टेकडी. शनिवारवाड्यापासून इमारत चालत तीन-चार मिनिटांवर आहे. जाहिरातीत क्षेत्रफळ २,७५० चौरस फूट दिले असून अपेक्षा पावणेचार कोटींची आहे. मूळ वाड्यातील भाडेकरूंना खालच्या मजल्यांवर सदनिका मिळाल्या आहेत आणि विक्रेते हे वाडामालकांचे वारस असून सध्या अमेरिकेत असतात.

आम्ही सध्या बावधनला राहतो. वडिलांचे बालपण नारायण पेठेत गेले असल्यामुळे त्यांचा ओढा पेठेकडे आहे. आई-वडील दोघेही सत्तरीच्या पुढचे आहेत. व्यवहार मोठा असल्याने काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : एक वास्तुविशारद

आपण पैसे मोजणार आहात ते प्रामुख्याने गच्चीसाठी आणि गच्चीवरून दिसणाऱ्या दृश्यासाठी, आणि आपल्या वर्णनावरून नेमका तोच भाग कागदावर सर्वांत कच्चा असण्याची शक्यता मला दिसते; म्हणून तपासणीची सुरुवात वरून करावी.

शनिवारवाडा हे केंद्र सरकारच्या पुरातत्त्व विभागाचे संरक्षित स्मारक आहे. २०१० साली सुधारलेल्या कायद्यानुसार अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित असते आणि तेथे नवे बांधकाम करता येत नाही. त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित असते आणि तेथे राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीनंतर सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी घेऊनच बांधता येते. शनिवारवाड्याभोवतालचे कितीतरी वाडे वर्षानुवर्षे टेकू लावून उभे आहेत ते याच नियमामुळे. आपली इमारत तीन-चार मिनिटांवर असेल तर ती बहुधा नियंत्रित क्षेत्रात येते, परंतु हे अंतर चालण्याच्या रस्त्याने नव्हे, तर संरक्षित हद्दीपासून सरळ रेषेत मोजले जाते, हे ध्यानात ठेवावे.

या परवानगीच्या पत्रात इमारतीची उंची मीटरमध्ये लिहिलेली असते आणि ती सहसा जिन्यावरची खोली, कठडा व पाण्याची टाकी धरून असते. ते पत्र मागून घ्या. त्यानंतर महापालिकेचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्रासोबतचा (इमारत वापरास योग्य असल्याच्या दाखल्यासोबतचा) नकाशा समोर ठेवून गच्चीवर उभे राहा. काचेची बैठक आणि ओटा त्या नकाशात आहेत का, एवढे पाहिले तरी बराच उलगडा होईल. माझा अंदाज असा की ते नंतर चढवलेले असावेत, कारण रहिवासी खोलीला कोणी चहूबाजूंनी सरकत्या काचा आणि वर पत्र्याचे छत असा नकाशा मंजूर करून घेत नाही.

उत्तर : मालमत्तेचे व्यवहार पाहणारा एक वकील

वरील मताशी मी सहमत आहे. त्यात मालकीची बाजू जोडतो.

२,७५० चौरस फूट या आकड्यात काय काय धरले आहे, ते प्रथम विचारा. रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्यातील चटई क्षेत्राच्या (घराच्या आतल्या वापरण्याजोग्या जागेच्या) व्याख्येत फक्त त्या सदनिकेसाठी असलेली उघडी गच्ची आणि बाल्कनी येत नाही. त्यामुळे ‘आतले चटई क्षेत्र इतके, गच्ची इतकी’ असे दोन आकडे वेगळे लिहून घ्यावेत आणि गच्चीला खोलीचा दर देऊ नये. पेठेतील पुष्कळ प्रकल्प महारेराच्या, म्हणजे या कायद्याखालील राज्य प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर सापडत नाहीत. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा सदनिका ८ पेक्षा अधिक नसतील, तर नोंदणीची सक्ती नसते. तेव्हा नोंदणी नाही एवढ्यावरून संशय घेऊ नये, मात्र अशा वेळी सगळी छाननी आपल्यालाच करावी लागते.

दुसरा प्रश्न गच्ची कोणाची, हा आहे. पेठेतील लहान इमारतींमध्ये सहकारी गृहरचना संस्थेऐवजी १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली नोंदवलेले घोषणापत्र (कोणती जागा कोणाची आणि सामाईक कोणती, हे सांगणारा दस्त) असते. त्या घोषणापत्रात ही गच्ची ‘मर्यादित सामाईक क्षेत्र’, म्हणजे फक्त या सदनिकेच्या वापरासाठी राखलेली सामाईक जागा, म्हणून स्पष्ट लिहिलेली असेल तर आपला हक्क भक्कम आहे. केवळ विक्रेत्याच्या खरेदीखतात ‘गच्चीच्या वापरासह’ असे मोघम शब्द असतील, तर उद्या खालचे रहिवासी पाण्याच्या टाकीसाठी, सौर पॅनेलसाठी किंवा वाळवणासाठी वर येऊ लागल्यावर त्यांना अडवता येणार नाही. याच कायद्यानुसार सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात वाटला जातो. म्हणजे लिफ्ट बदलायची ठरली तर आपला वाटा खालच्या भाडेकरूंच्या लहान सदनिकांपेक्षा कितीतरी मोठा असेल. घोषणापत्रातील टक्केवारी आताच पाहून ठेवा.

वाड्याच्या जागेची मिळकत पत्रिका, वारसनोंद, सर्व वारसांच्या सह्या आणि भाडेकरूंबरोबरचे नोंदणीकृत करार पाहणे ओघाने आलेच. विक्रेते अनिवासी असतील तर ५० लाख व त्यावरील व्यवहाराला लागू होणारी १ टक्का करकपात (टीडीएस) येथे चालत नाही. अनिवासी विक्रेत्यासाठीच्या दराने कर कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. त्यांनी प्राप्तिकर खात्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र आणले तरच ती रक्कम घटते. मुद्रांक शुल्क पुणे शहरात एकूण ७ टक्के, म्हणजे सव्वासव्वीस लाख, आणि नोंदणी फी ३० हजार होईल. घर केवळ आईंच्या किंवा आपल्या पत्नीच्या नावावर घेतल्यास १ टक्का सवलत मिळते. पती-पत्नींच्या संयुक्त नावावर ती मिळत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. नकाशा मिळाला. त्यात वर जिन्याची खोली आणि ‘उघडी गच्ची’ एवढेच दाखवले आहे. बैठक आणि ओटा त्यात नाहीत. मध्यस्थ म्हणतात की पेठेत सगळेच असे करतात आणि नंतर नियमित करून घेता येईल. आतले चटई क्षेत्र १,६८० चौरस फूट निघाले. घोषणापत्रात गच्ची मर्यादित सामाईक क्षेत्र म्हणून नोंदलेली आहे, हा मात्र दिलासा. लिफ्ट सहाव्या मजल्यापर्यंतच येते.

उत्तर : पेठेतील एक रहिवासी

कायद्याचे वरच्या मंडळींनी सांगितलेच आहे. मी राहण्याविषयी लिहितो, कारण आमचे घर त्याच भागात, पाचव्या मजल्यावर आहे.

लिफ्ट खालच्या पातळीलाच थांबत असेल, तर आई-वडिलांना गच्चीवर जायला रोज आतला जिना चढावा लागेल, आणि जिच्यासाठी एवढे पैसे मोजायचे ती जागा काही वर्षांत फक्त पाहुण्यांना दाखवण्यापुरती उरेल. लिफ्टचे यंत्र कोणत्या खोलीच्या भिंतीला लागून आहे, तेही रात्री दहानंतर तिथे थांबून ऐका. वाहनतळ यांत्रिक असेल तर आपली गाडी त्या पाळण्यात बसते का, हे प्रत्यक्ष गाडी नेऊन पाहावे. उंच गाड्या वरच्या कप्प्यात जात नाहीत आणि गल्लीत रस्त्यावर जागा मिळण्याची आशा धरू नये. अग्निशमन दलाची मोठी गाडी गल्लीच्या वळणावरून आत येते का, याचीही चौकशी करा.

नदी जवळ आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले तेव्हा शनिवार आणि नारायण पेठेत जे झाले ते आपल्या वडिलांना सांगायला नकोच. सहाव्या मजल्यावर पाणी येणार नाही, पण वीजमीटर, पंप आणि भूमिगत टाकी खालीच असतात. खडकवासल्यातून मोठा विसर्ग सुटतो तेव्हा भिडे पूल पाण्याखाली जातो, हे आपण दरवर्षी पाहतो. इमारत निळ्या आणि लाल पूररेषेच्या (पुराचे पाणी कुठवर येऊ शकते ते दाखवणाऱ्या रेषांच्या) कोणत्या बाजूला आहे, हे विकास आराखड्यात पाहून घ्या.

गणेशोत्सवाविषयी दोन मते आहेत आणि मी दोन्ही मानतो. केसरीवाड्याचा गणपती, रमणबाग, नदीपात्रातला ढोलपथकांचा सराव, हे सगळे हाकेच्या अंतरावर आहे. सराव उत्सवाच्या कितीतरी आधी सुरू होतो आणि तो आवाज खालच्या घरांपेक्षा उघड्या गच्चीवर अधिक येतो. आम्हाला तो हवासा वाटतो. ज्येष्ठांना रक्तदाबाचा त्रास असेल तर त्यांचा विचार आधी करावा. बाकी मंडई, वैद्य, बँक, नाट्यगृह सगळे पायी, आणि २०२४ पासून कसबा पेठ व मंडई ही भुयारी मेट्रो स्थानकेही सुरू झाली आहेत, त्यामुळे बावधनपेक्षा इथे म्हातारपण अधिक सुटसुटीत जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर : एक वास्तुविशारद

‘नंतर नियमित करून घेता येईल’ यावर विसंबू नका. महापालिकेच्या नियमांत बसणारे वाढीव बांधकाम शुल्क भरून नियमित होऊ शकते, पण येथे त्याआधी स्मारक प्राधिकरणाच्या परवानगीचा प्रश्न येतो आणि पत्रातील उंची आधीच संपलेली असेल तर पुढे जाण्याला वावच उरत नाही. आपण कर्ज काढणार असाल तर बँकेचा मूल्यमापक ती बैठक हिशेबात धरणार नाही.

माझा सल्ला असा की, १,६८० चौरस फुटांवर दर ठरवावा, गच्चीचे मूल्य त्याहून बरेच कमी दराने वेगळे धरावे आणि काचेच्या बैठकीचे शून्य धरावे. साठेखतात (खरेदीखताआधीच्या विक्री करारात) अशी अट घालावी की खरेदीखतापूर्वी विक्रेत्यांनी स्वखर्चाने ती बैठक व ओटा काढावा, ओट्यासाठी फोडलेल्या नळजोडाच्या जागा बुजवाव्यात आणि संपूर्ण गच्चीचे जलरोधक काम नव्याने करून द्यावे. काम झाल्यावर गच्चीत दोन दिवस पाणी साठवून खालच्या तिन्ही शयनगृहांचे छत कोरडे राहते का ते पाहावे आणि मगच उरलेली रक्कम द्यावी. विक्रेते या अटीला तयार नसतील, तर त्याच परिसरात चौथ्या-पाचव्या मजल्यावरचे साधे तीन शयनगृहांचे घर शोधावे.