'जरा हटके जरा बचके' आणि भांडणाऱ्या जोडप्याचा सिनेमा: कुठे हसू येतं, कुठे आटतं?

शिरपूरची_लेखणी
2023 चा 'जरा हटके जरा बचके' पुन्हा नीट बघितला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर, जोडी विकी कौशल आणि सारा अली खानची. इंदूरचं एकत्र कुटुंब, नवरा-बायकोला झोपायला स्वतःची खोली नाही, म्हणून सरकारी योजनेतल्या घरासाठी खोटा घटस्फोट. आमचा गट याच वळणाचा 40 मिनिटांचा अहिराणी (आमची खानदेशी बोली) सिनेमा लिहितोय. आमच्या कथेत फरक एवढाच की भांडण खरं आहे आणि कोर्टातला अर्जही खरा आहे. दोन ठिकाणी गाडी अडली आहे. घटस्फोटाची प्रक्रिया कितपत खरी दाखवावी? आणि त्या सिनेमात तुम्हाला काय पटलं, काय नाही? जाणकारांनी मोकळेपणाने लिहा.

तारीख_पे_तारीख
ताई, प्रक्रिया खरीच दाखवा. तिच्यातच तुमची अर्धी पटकथा दडलेली आहे.

संमतीने घटस्फोट हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 ब खाली होतो. अर्जाआधी किमान एक वर्ष दोघं वेगळे राहिलेले असावे लागतात. अर्ज दाखल झाला की सहा महिने थांबायचं. मग अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन 'हो, आम्हाला हवाय' असं सांगायचं, तेव्हा हुकूमनामा होतो. एकाच तारखेत निकाल लागल्याचं दाखवलं की कोर्टाची पायरी चढलेला प्रेक्षक तिथेच सुटतो.

आता तुमच्या कामाच्या गोष्टी. 1991 च्या सुरेष्टा देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 'वेगळं राहणं' म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं. घर एकच असलं तरी चालतं! म्हणजे वर्षभर एकाच छताखाली, एकाच चुलीवर जेवून दोघं कायद्याने वेगळे. याहून चांगला विनोदी प्रसंग कुठून आणणार? त्याच निकालात असंही आहे की हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती काढून घेऊ शकतं. शेवटच्या तारखेला कोण बोलेल आणि काय बोलेल, हा ताण त्यामुळे खरा ठरतो.

चुका कुठे होतात तेही सांगतो. या अर्जात एकमेकांवर आरोप करावेच लागत नाहीत. 'वर्षभर वेगळे आहोत, एकत्र राहणं जमत नाही, दोघांची संमती आहे' एवढं पुरतं. त्यामुळे कोर्टातली आरडाओरड कापा. कलम 22 प्रमाणे सुनावणी बंद दाराआड होते, म्हणून मामा-मामी, आत्या यांना बाकावर बसवू नका, व्हरांड्यात उभं करा. तिथे त्यांचं बोलणं जास्त रंगेल. आणि जोडपं दीड वर्षाहून जास्त वेगळं राहिलेलं दाखवू नका. 2017 च्या अमरदीप सिंग निकालानंतर तसं असेल, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि पोटगी-मुलांचं ठरलेलं असेल तर सहा महिन्यांची अट माफ होऊ शकते. मग प्रेक्षक विचारेल, हे थांबलेत कशाला?

घरकुलाचंही एक. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी नियमांत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. बापाच्या नावावर पक्कं घर असलं म्हणून लग्न झालेला मुलगा आपोआप बाद होत नाही. तो धागा उचलणार असाल तर नियम वाचून उचला.

पडदा_आणि_पॉपकॉर्न
माझ्या मते त्या सिनेमाचा पहिला भाग उत्तम जमलाय, कारण अडचण जागेची आहे आणि जागा डोळ्यांना दिसते. हॉलमध्ये झोपणारं जोडपं म्हटलं की समजावून सांगावं लागत नाही. गडबड पुढे होते. दोघांचं प्रेम शाबूत असल्याने घटस्फोट हा नुसता डाव राहतो. खरा गैरसमज शिरतो तो फार उशिरा, आणि मग तो मिटवायला रडारड लागते. हसू तिथे आटतं.

तुमच्या 40 मिनिटांत पहिल्या पाच मिनिटांत दोघांची तक्रार कळू द्या, प्रत्येकाची एका वाक्यात. दोन्ही तक्रारी खऱ्या हव्यात. नवरा निव्वळ बावळट किंवा बायको निव्वळ कजाग केली की प्रेक्षक एका बाजूला बसतो आणि त्यांनी एकत्र यावं असं त्याला वाटेनासं होतं. ही या प्रकारातली सगळ्यात महाग चूक आहे.

आणि भांडण वस्तूवर आणा. कूलरचं तोंड कोणाकडे, यावर जळगावच्या मे महिन्यात दोन माणसं जे बोलतील ते 'तुला माझी किंमत नाही' पेक्षा दहापट बोलकं असेल. तोच कूलर तीनदा दाखवा: भांडणात, अबोल्यात, आणि शेवटी कोणीतरी न बोलता त्याचं तोंड वळवतं तेव्हा.

तापीकाठची_सून
सहा महिन्यांचं गणित आपल्या सणांवर बसवा, ताई. अर्ज अखाजीच्या, म्हणजे आपल्या खानदेशी अक्षय्य तृतीयेच्या, आसपास दाखल होऊ द्या. मुराळी येऊन बहिणीला माहेरी घेऊन गेला तर गावात कोणी चकार शब्द काढत नाही, सगळ्याच लेकी आलेल्या असतात. झोके, गौराईची गाणी, आमरस-मांडे. संशय सुरू होतो तो बाकीच्या परत गेल्यावर. पुढे श्रावणात कानबाईचे रोट (कानबाई देवीचा सण) आले की भाऊबंद गोळा होतात, तेव्हा सून घरात नाही हे लपवता येत नाही.

वैशाख शुद्ध तृतीया ते दिवाळीचा पाडवा म्हणजे सहा चांद्रमहिन्यांना दोन तिथी कमी. 2025 मध्ये अखाजी 30 एप्रिलला होती, पाडवा 22 ऑक्टोबरला. म्हणजे सहा महिने पुरे व्हायच्या आठवडाभर आधी बायकोने नवऱ्याला ओवाळायचा दिवस येतो. ती ताट घेते की नाही, यावर तुमचा शेवट उभा राहील. फक्त अधिक महिन्याचं वर्ष धरू नका, पाडवा लांबतो.

मांड्यांचा प्रसंग असेल तर भांडण तिथेच ठेवा. पुरण भरलेला मांडा दोन्ही हातांवर फिरवून खापराएवढा (तो भाजायच्या मातीच्या भांड्याएवढा) मोठा झालेला असताना बाई हात झटकून निघून जाऊ शकत नाही. तिला ऐकूनच घ्यावं लागतं, आणि चुलीत जाळ कमी पडला तर ज्याच्याशी अबोला आहे त्यालाच सांगावं लागतं.

शिरपूरची_लेखणी
पाडव्याचं सुचलंच नव्हतं, मनापासून आभार! अबोल्यात संवाद कसे लिहायचे? दोघं गप्प बसली की दृश्य मरतं.

तापीकाठची_सून
पोराला मध्ये घाला. "तुना बापले सांग, भाकर टोपलीमा शे." बाप समोरच बसलेला, तो पोराला सांगतो, "माले भूक नही शे." पोरगं दोन्हीकडे मान फिरवतं, तेवढं पुरे. आणि अहिराणी एकाच गावची ठेवा. धुळ्याकडचं आणि चोपड्याकडचं बोलणं एका घरातल्या माणसांच्या तोंडी मिसळलं की इथला प्रेक्षक लगेच ओळखतो. सून दुसऱ्या तालुक्यातली असेल तर मात्र तिचं बोलणं मुद्दाम वेगळं ठेवा. सासूला टोकायला तेही एक निमित्त होईल.

पडदा_आणि_पॉपकॉर्न
कूलरचं सुचवलं खरं, पण चित्रीकरणात तो चालू ठेवू नका, सगळे संवाद घरघरीत बुडतील. बंद कूलरसमोर पदर हलवायला बाजूने हाताने पुठ्ठा हलवा. आवाज नंतर रिकाम्या खोलीत दोन मिनिटं वेगळा ध्वनिमुद्रित करून खाली जोडा.