नुसतं चांगलं वागलं की साक्ष झाली का?

सात_रस्ता (धागा सुरू करणारा)

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर कालपासून एक पोस्ट फिरते आहे. लिहिणारे ओळखीचे, वयाने मोठे. म्हणणं थोडक्यात असं: दिवस बरे नाहीत, ख्रिस्ती माणसाने तोंड बंद ठेवावं, कामावर वेळेत जावं, शेजाऱ्याच्या अडीनडीला धावावं, आपल्या विश्वासाची एवढी साक्ष पुरे. रिक्षावर बायबलचं वचन, दारावर क्रूस, स्टेटसला स्तोत्र हे सगळं थांबवा. आणि शेवटी असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावावर खपणारं ते नेहमीचं वाक्य, की सुवार्ता (ख्रिस्ताचा संदेश) सदा सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा.

तिथे उत्तर दिलं असतं तर मंडळीत दोन तट पडले असते, म्हणून इथे लिहितो.

ते वाक्य फ्रान्सिसच्या कुठल्याच लिखाणात सापडत नाही. हा माणूस गावोगाव उपदेश करत हिंडला. १२१९ मध्ये ऐन धर्मयुद्धात इजिप्तच्या सुलतानासमोर उभा राहून बोलला. त्याच्या तोंडी गप्प बसायचा सल्ला घालायचा?

आणि चांगलं वागणं ही काय आपली मक्तेदारी आहे? डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. १९३८ मध्ये चीनला गेले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. ते ख्रिस्ती नव्हते. त्यांच्या पासंगाला पुरेल एवढी सेवा आपल्यातल्या किती जणांनी केली? मग माझी शेजारधर्माची चार कामं पाहून कुणाला ख्रिस्त कसा कळेल? माणूस बरा आहे, एवढंच कळेल. श्रेय माझ्या खात्यात. बायबलात मत्तय ५:१६ मध्ये सत्कर्मं पाहून गौरव पित्याचा व्हावा असं आहे, माझा नव्हे. आणि कुणी सांगितलंच नाही तर लोक ऐकणार कसे, हे प्रेषित पौलाने रोमकरांना पत्रात विचारलेलं आपण दर वर्षी वाचतो.

मला खरं खुपलं ते हे, की भीती वाटते म्हणून गप्प बसायचं आणि त्याला नम्रता म्हणायचं.

रेल्वे_लाइन्स

पोस्ट माझी नाही, पण मला पटली. माझी नोकरी नर्सची झाली. वॉर्डात शब्द कधी वापरायचे आणि कधी नाही, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. ज्याला ऑपरेशनची भीती वाटते आहे, ज्याला माझ्या हातून पाणी प्यायचं आहे, त्याच्या उशाशी मी सुवार्ता सांगायला लागले तर तो नाही कसं म्हणणार? तो माझ्या हातात आहे. त्या वेळी बोलणं म्हणजे त्याच्या दुखण्याचा फायदा घेणं. मी मनात प्रार्थना केली आणि बेडपॅन उचलला. तुम्ही याला भीती म्हणत असाल तर खुशाल म्हणा.

सात_रस्ता

मावशी, तुमच्याबद्दल नाही लिहिलं. अडलेल्या माणसापुढे बोलू नये, हे मान्य. पण पोस्ट वॉर्डाबद्दल नाही, सगळ्या आयुष्याबद्दल आहे. डिस्चार्ज झाल्यावर तोच पेशंट नवी पेठेत भेटून म्हणाला, सिस्टर, तुम्ही एवढं कसं केलंत, तर काय सांगायचं? "ड्युटी होती"?

रेल्वे_लाइन्स

ड्युटीच होती. पगार घेत होते मी.

भवानी_पेठ

मी ख्रिस्ती नाही, मध्येच बोलतोय, राग नसावा. आमचा टॉवेलचा कारखाना होता. हिशेब बघायला एक काका होते. एकदा वडिलांनी मजुरांच्या हप्त्यातून दंड कापायला सांगितला, कापडात नसलेला डाग दाखवून. काकांनी वही मिटून वडिलांसमोर ठेवली. म्हणाले, हे मला लिहिता येणार नाही, दुसऱ्याकडून लिहून घ्या. वडील लई भडकले. दोन दिवस काकांशी बोलले नाहीत. पण काकांना काढलं नाही आणि दंडही कापला नाही. पुढे तिजोरीची किल्ली त्यांच्याकडेच असायची.

हे काका ख्रिस्ती होते हे मला त्यांच्या मातीला गेलो तेव्हा कळलं. माझ्या लेखी ख्रिस्ती म्हणजे ते काका. रिक्षावरची वचनं वाचून मला कधी काही वाटलेलं नाही.

सात_रस्ता

दादा, माझा मुद्दा तुम्हीच मांडलात. इतकी वर्षं सोबत राहून तुम्हाला कळलं कधी, तर माणूस गेल्यावर. वही का मिटली, हे कुणी विचारलं का? त्यांनी सांगितलं का?

भवानी_पेठ

सांगितलं असतं तर वडिलांनी त्याच दिवशी हिशेब करून घरी पाठवलं असतं. धर्म शिकवतोय म्हणून. न सांगितल्यामुळे मजुरांचे पैसे वाचले. तुम्हाला मजुरांपेक्षा सांगणं मोठं वाटतं का?

आसरा_चौक

सात_रस्ता यांच्या बाजूने. चांगलं वागा, गप्प राहा हे सांगणाऱ्यांची बहुधा घरं स्वतःची असतात. मी भाड्याने खोली बघत होतो. बोलणं झालं, डिपॉझिट ठरलं, आडनाव ऐकून मालकीणबाई म्हणाल्या की भाच्याला द्यायची आहे. मी एक शब्द बोललो नव्हतो, वचन नाही, क्रूस नाही. गप्प राहिल्याने काही टळत नाही. मग निदान आपण कोण ते सरळ सांगून तरी राहावं.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला ९३वं साहित्य संमेलन झालं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून किती गदारोळ झाला आठवतंय ना? त्या माणसाने आयुष्यभर मराठीत लिहिलं, वसईची झाडं-पाणी वाचवायला हरित वसईच्या आंदोलनात उतरले, तरी लोकांना पहिला दिसला तो झगा. पण त्यांनी झगा लपवला नाही, आणि मराठीही सोडली नाही.

जुळे_सोलापूर

सगळे उंचावरून बोलायलेत. मी आमच्या गल्लीतलं सांगतो. एका दारावर हातभर क्रूस, खाली संगमरवरात वचन. आणि पाणी सुटलं की पहिली मोटार त्यांचीच चालू होते, थेट नळाला. शेवटच्या तीन घरांना करंगळीएवढी धार. त्यातल्या एका घरात विड्या वळणारी बाई आहे, तिचा दिवस पाणी भरण्यात गेला की विड्या कमी, मजुरी कमी. ती त्या वचनाखालून कळशी घेऊन जाते.

रोज दिसणारी साक्ष म्हणाल तर ही.

होटगी_रोड

घर ओळखलं मी. नाव न घेता बदनामी करू नका. मोटार सगळेच लावतात, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, लिंगायत सगळे. लाइनला प्रेशरच नसतं. उजनी ११७ टीएमसीचं धरण, आपल्याच जिल्ह्यात, भरून वाहत असलं तरी शहरात चार-पाच दिवसांआड पाणी. ते विचारायचं सोडून एका ख्रिस्ती माणसाची मोटार दिसली का?

जुळे_सोलापूर

सगळे लावतात म्हणून मीही लावतो, हे उत्तर दारावर क्रूस नसलेल्याने दिलं तर चालेल. ज्याने मुद्दाम लावलाय त्याने नाही.

होटगी_रोड

तुमच्याकडे बोअर आहे ना? बोअरवाल्याला नीती लवकर सुचते. उन्हाळ्यात टँकरला पैसे मोजा आणि मग बोला.

जुळे_सोलापूर

बोअर मार्चमध्ये आटते. टँकर मीही घेतो. माझ्या घरावर येऊ नका.

सात_रस्ता

विषय पाण्याचा नाही, कृपया मूळ मुद्द्यावर या.

रेल्वे_लाइन्स

का नाही? तुम्हाला रोजच्या जगण्यातून साक्ष हवी होती ना? सोलापुरात पाण्याहून रोजचं काय आहे? आमच्या गल्लीत बायकांनी ठरवलं, नळाला मोटार कुणीच लावायची नाही, घरातली टाकी भरली की तोटी बंद. दोन घरांनी मोडलं, त्यांच्याशी कचाकचा भांडलो. आता खालच्या घरांनाही हंडे भरण्यापुरतं येतं. भांडणाऱ्यांत मी होते, एक मुसलमान होती, दोन पद्मशाली. कुणी कुणाला धर्म सांगितला नाही. पण रविवारी चर्चला निघताना माझ्या पोटात कालवत नाही.

आणि होटगी_रोड, प्रेशर नाही हे खरं. त्यासाठी महापालिकेवर मोर्चा काढा, मी येते. पण मोर्चा निघेपर्यंत खालच्या घराचं पाणी ओढायचं, हे बसत नाही.

होटगी_रोड

मोर्च्याला कुणी येत नाही, अनुभव आहे. बाकी तुमचं गल्लीचं जमलं असेल तर चांगलं आहे. आमच्याकडे चाळीस घरं आहेत.

मुरारजी_पेठ

ती पोस्ट माझी. ग्रुपवर भांडण नको म्हणून चारचौघांत आणलंस, छान केलंस.

मला भित्रा म्हणालास. आम्ही तरुणपणी चौकात उभे राहून गायलो आहोत, पत्रकं वाटली आहेत, लोकांनी तोंडावर फाडलेलीही पाहिली आहेत. मी थकून नाही लिहिलं, बघून लिहिलं. पत्रक फाडणारा माणूस दुसऱ्या दिवशी आपल्या मुलाची अ‍ॅडमिशन घ्यायला मिशनच्या शाळेत रांगेत असायचा. त्याला आमच्या बोलण्याचा तिटकारा होता, आमच्या कामाचा नव्हता. मिरजेला मिशनरी वानलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये दवाखाना उभारला, आपल्याकडचे लोकसुद्धा आगगाडीने तिथे जायचे. ते व्याख्यान ऐकायला जायचे का?

सात_रस्ता

काका, भित्रे तुम्ही नाही, पोस्ट भित्री आहे. आणि वानलेस कोण होते, कशासाठी आले होते, हे मिरजेत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी लपवलं नव्हतं.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचंच घ्या. राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. त्याने या तरुण ब्राह्मणाशी अदबीने गप्पा मारल्या, संस्कृत काव्यावर बोलला, आणि उतरताना हातात नवा करार ठेवून म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तो माणूस नुसता अदबीने बसून उतरून गेला असता तर?

मुरारजी_पेठ

आणि अदब नसती तर टिळकांनी ते पुस्तक खिडकीतून फेकलं असतं. शिवाय त्याच टिळकांनी पुढे मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला देवाचा दरबार काढला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एकत्र. अभंग लिहिले, परक्या चालीवर समाधान मानलं नाही. त्यांनासुद्धा आपल्या बोलण्याची तऱ्हा खटकली होती. तेवढं सोयीने वगळलंस.

सात_रस्ता

वगळलं नाही, जागा नव्हती. अभंग लिहिले म्हणजे बोललेच ना ते? गप्प कुठे बसले? आपल्या भाषेत बोलले.

आसरा_चौक

१ पेत्र ३:१५ कुणीच काढलं नाही. तुमच्या आशेबद्दल जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार राहा, आणि ते सौम्यतेने. हे पत्र छळ सोसणाऱ्यांना लिहिलेलं आहे. म्हणजे वाईट दिवसांतलाच सल्ला आहे, आणि त्यात गप्प राहा असं नाही.

रेल्वे_लाइन्स

पण आधी कुणीतरी विचारलं पाहिजे. नळाला मोटार लावणाऱ्याला कोण विचारणार, बाबा तुझी आशा कशात आहे?

भवानी_पेठ

मघाशी मी तावात लिहिलं. एक राहिलं. काकांना मला विचारायचं होतं, वही का मिटली म्हणून. मी कॉलेजला होतो तेव्हा. विचारलं नाही, वडील काय म्हणतील म्हणून. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, असं वाटतं. तेवढ्यापुरतं सात_रस्ता यांचं बरोबर. पण त्यांनी आपणहून सांगितलं नाही ते शहाणपणच केलं, हेही माझं कायम आहे.

सात_रस्ता

विचारल्यावर गप्प बसू नये, एवढं तुम्ही मानलंत तर अर्ध्याहून जास्त भांडण मिटलं. उरलेलं मुरारजी_पेठ काकांशी आहे.

मुरारजी_पेठ

उरलेलं राहू दे. फ्रान्सिसचं वाक्य पोस्टमधून काढतो, त्यावाचून माझं काही अडत नाही. विचारणाऱ्याला उत्तर द्या, ही एक ओळ घालतो. आणि नळाच्या मोटारीचा विषय चर्चच्या वडीलमंडळाच्या पुढच्या बैठकीत मी मांडणार आहे, कारण ते घर आपल्याच मंडळीतलं आहे आणि होटगी_रोडलाही ते माहीत आहे. रिक्षावरच्या वचनाबद्दल मात्र माझं मत जे होतं तेच आहे.

होटगी_रोड

मांडा. मीही येतो बैठकीला. पण एका घरावर बोट ठेवणार असाल तर आधी मंडळीतल्या सगळ्यांनी आपापला नळ दाखवायचा.