गोव्यासमोर 200 मीटरवरचं तापमान: उडी समुद्राची की उपकरणाची?

खारवट: वर्ल्ड ओशन डेटाबेसमधून (जगभरच्या समुद्री मोजमापांचा खुला संग्रह) 14-16 अंश उत्तर, 70-73 अंश पूर्व या चौकटीतल्या 1960 पासूनच्या नोंदी उतरवल्या आहेत. 200 मीटरच्या वार्षिक सरासरीत आर्गो (आपोआप खाली-वर जाऊन मोजणारी तरंगती यंत्रं) सुरू झाल्यावर तापमान एकदम वर जातं. ऑक्सिजन मात्र घटतोय. कितपत खरं मानायचं?

नांगर_टाक: आधी एक्सबीटी, म्हणजे जहाजावरून पाण्यात सोडायचे तापमान मोजणारे प्रोब, वेगळे काढा. त्यात दाबमापक नसतो. पाण्यात पडल्यापासून गेलेल्या सेकंदांवरून खोली काढतात. टी-4, टी-6, टी-7 प्रोबच्या जुन्या सूत्रात खोली कमी येते, म्हणून 1995 मध्ये 1.0336 हा गुणक सुचवला गेला. नोंदीत 200 मीटर असेल तर प्रोब खरा 207 च्या आसपास होता, म्हणजे जरा थंड पाण्यात. उतरवतानाच दुरुस्ती लावून घेतली असेल तर पुन्हा गुणू नका. ही चूक फार होते. एवढ्यानं सगळं जुळेल असं नाही, प्रोबच्या तापमानातही वर्षागणिक बदलणारा दोष असतो. तापमान मोजण्याच्या 1968 आणि 1990 च्या आंतरराष्ट्रीय मोजपट्ट्यांतला फरक 20 अंशांना जेमतेम 0.005 अंश. तो विसरा.

विंकलर: ऑक्सिजनची जुनी मूल्यं मिली प्रति लिटरमध्ये असतात. 44.66 ने गुणून पाण्याच्या घनतेने, म्हणजे 1.025 ने भागा. मायक्रोमोल प्रति किलो मिळतील. पण आपल्याकडे साधारण 150 ते 1000 मीटरमध्ये ऑक्सिजन जवळपास शून्य. तिथे नमुना भरताना बाटलीत शिरलेली हवा आणि मोजणीसाठी घातलेल्या रसायनांत विरघळलेला ऑक्सिजनही अनुमापनात (टायट्रेशन) मोजला जातो. जुना 0.1 मिली म्हणजे सुमारे 4.4 मायक्रोमोल, त्यातला बराचसा बाटलीचाच असू शकतो. म्हणून 2-3 मायक्रोमोलच्या घटीवर निष्कर्ष काढू नका. कल बघायचाच तर या पट्ट्याची वरची कड किती मीटरवर आहे ते बघा.

खारवट: गुणक लावला, उडी बरीच बसली. पण काही वर्षं अजून विचित्र दिसतात.

नांगर_टाक: त्या वर्षांत कोणत्या महिन्यांच्या नोंदी आहेत? पावसाळ्यात जहाजं कमी, आणि नेमकं तेव्हाच किनाऱ्यालगत खालचं थंड पाणी वर येतं. एका वर्षी फक्त डिसेंबर-जानेवारी आणि दुसऱ्या वर्षी ऑगस्ट असेल तर सरासरी ऋतूच मोजते. आधी प्रत्येक महिन्याची दीर्घकालीन सरासरी काढा, ती वजा करा, मग वर्षाची सरासरी काढा. चारपेक्षा कमी महिने भरलेलं वर्ष मी तरी आलेखावर ठेवत नाही.

विंकलर: क्षारता काढाल तेव्हाही हेच. हिवाळ्यात बंगालच्या उपसागराचं गोडसर पाणी किनाऱ्याने उत्तरेकडे सरकतं, त्यामुळे वरच्या थरात 72 आणि 73 पूर्वेची सरासरी एकत्र करू नका.