सामाईक सातबारा आणि ठिबकचे अनुदान : संमतीपत्राबाबत मदत हवी आहे
महाडीबीटी या राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवर वडिलांच्या नावे ठिबक सिंचनासाठी अर्ज केला आहे. अल्पभूधारकांना केंद्र पुरस्कृत योजनेतून ५५ टक्के व राज्याच्या पूरक योजनेतून २५ टक्के अनुदान असले, तरी आमचे १ हेक्टर १० आर क्षेत्र दोन चुलत्यांसह सामाईक असल्याने सर्व सहखातेदारांचे संमतीपत्र मागितले गेले आहे. धाकटे काका मस्कतला असतात. त्यांनी मोबाइलवर पाठवलेली सहीची प्रत नाकारली गेली. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली जमीन वाटपाचा अर्ज दिला आहे, पण त्याचा निकाल पिकाच्या लागणीपूर्वी येईलसे दिसत नाही. भावकीत वाद नाही, विहिरीची नोंद आहे आणि कृषी विभागाच्या पूर्वसंमतीआधी खरेदी केल्यास अनुदान बुडेल म्हणून संच घेतलेला नाही. काकांनी तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून पाठवलेले संमतीपत्र कोणाच्या प्रकरणात ग्राह्य धरले गेले आहे का, की त्यासाठी मुखत्यारपत्रच लागते?