तीन वर्षांच्या पोराला कुठे घालू? (बडोदा)

दांडियाबाजारची सून: १२ जूनला लेकाला तीन पूर्ण होतील. शेजारणीची मुलगी इंग्रजी नर्सरीत जाते, काल तिची वही पाहिली. चार रेघी, 'बी' पानभर, खाली लाल शाईत शेरा: रेषेत लिही. वय साडेतीन! मी माँटेसरी म्हणतेय, सासरे म्हणतात गुजराती बालमंदिरच बरं. काय करू?

रावपुऱ्याची मावशी: पाटीवर माँटेसरी लिहायला काय लागतं गं! आत जाऊन बघ. माँटेसरीच्या साहित्यात गुलाबी मनोरा असतो, मुलांनी रचायचा, दहा ठोकळ्यांचा, सर्वांत मोठा १० सेंमीचा, धाकटा १ सेंमीचा. तो मुलांच्या हाताशी आहे का? मी पाहिलेल्या एका शाळेत काचेच्या कपाटात होता, कुलूप लावून. तीन ते सहाची मुलं एकत्र बसतात का, तेही विचार.

वाडीकर काका: माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, काढलं ते गरिबांच्या वस्तीत. आता फी ऐकून घेरी येते. सासरे बरोबर आहेत. भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर काढलं, बालशिक्षणातल्या आपल्या ताराबाई मोडक तिथेच घडल्या. पुढे बोर्डी-कोसबाडला त्यांनी दगड, बिया, पानं घेऊन शिकवलं. मनोरा नसला तरी अडत नाही.

दांडियाबाजारची सून: काका, तसं बालमंदिर उरलंय कुठे? आमच्या जवळच्यात गिजुभाईंचा फोटो भिंतीवर आणि खाली बाई 'एक एकडो एक' असे गुजराती आकडे ओरडून घेतात.

गोत्रीचा बाबा: सगळे गुलाबी मनोऱ्यातच राहताय. आम्ही लेकीला इंग्रजी नर्सरीत घातलं, कारण त्या शाळेत पहिलीची जागा आपल्याच नर्सरीवाल्यांना आधी मिळते. घोकंपट्टी आहे, मान्य. पण पहिलीला दारोदार हिंडायचं कोणी?

रावपुऱ्याची मावशी: पहिली? गुजरातेत २०२३ पासून १ जूनला सहा पूर्ण लागतात. सूनबाई, तुझा १२ जूनचा! अकरा दिवसांनी हुकला. पहिलीत जाईल तेव्हा जवळजवळ सातचा असेल. चार वर्षं हातात आहेत, आणि हे आत्तापासून 'बी' गिरवायला बसवा म्हणताहेत.

गोत्रीचा बाबा: मी गिरवा म्हटलं नाही, जागा धरा म्हटलं.

वाडीकर काका: चार वर्षांची फी मोजलीत का?

दांडियाबाजारची सून: अगंबाई, हे अकरा दिवस माझ्या लक्षातच आले नव्हते. मग यंदा घरीच. तसा आत्ता मटार सोलतोय. दाणे तोंडात, सालं भांड्यात.