फुगाझी: पेडल नाही, मग ती धार येते कुठून?

सातवा_फ्रेट
फुगाझी या अमेरिकन पंक बँडच्या 'रिपीटर' अल्बममधला (१९९०) गायक-गिटारवादक इयन मॅकेचा गिटारचा आवाज बसवायचा आहे. गिब्सन एसजी गिटार सरळ मार्शल जेसीएम८०० अँपमध्ये, वाटेत पेडल (पायाने दाबायचं, आवाज बदलणारं यंत्र) नाही, इथवर माहीत आहे. पण गेन (आवाज किती फाटावा ते ठरवणारा अँपचा नॉब) ९ वर नेला की सगळा चिखल होतो आणि ४ वर आणला की धार जाते. एकाच गाण्यात कुजबुज आणि किंकाळी, ही दोन्ही एकाच चॅनलवर कशी निघतात? आणि हार्डकोअरमधून (अतिवेगवान पंकमधून) आलेल्या बँडची बास गिटार रेग्गेसारखी का वाजते?

पन्नास_वॅट
चॅनल बदलायची गरजच नाही. कुजबुज आणि किंकाळी दोन्ही गिटारच्या व्हॉल्यूम नॉबवर आहेत. ब्रिज पिकअप (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकांपैकी ब्रिजजवळचा) घ्या, अँपचा गेन ५-६, बास (खालचे स्वर) ३, मिडल ७, ट्रेबल (वरचे स्वर) ५-६. गिटारचा नॉब १० वर ठेवून अँप ओरडेपर्यंत जुळवा, मग तोच नॉब ४ वर आणा, आवाज स्वच्छ होतो. तुमचा चिखल बहुधा गेन आणि बास दोन्ही जास्त असल्यामुळे होतोय. ट्यूबमध्ये आधी बासच गढूळ होतो.

अडचण अशी की नॉब खाली आणला की ट्रेबलही जाते, आवाज कांबळ्याखाली गेल्यासारखा होतो. त्यावर उपाय: व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबखालच्या भागाच्या) ज्या टोकाला पिकअपची तार येते ते टोक आणि मधलं टोक, या दोहोंमध्ये १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि १५० किलोओहमचा रेझिस्टर समांतर जोडून डाख द्या. नुसता कपॅसिटर लावलात तर नॉब खाली असताना आवाज पातळ आणि किरकिरा होतो, तेव्हा रेझिस्टर विसरू नका.

मास्टर (अँपचा एकूण आवाज) १ वर ठेवून हा आवाज मिळणार नाही. छोट्या खोलीत वाजवायचं तर अँप आणि स्पीकरच्या मध्ये अॅटेन्युएटर (अँपची ताकद स्पीकरपर्यंत कमी पोचवणारं यंत्र) लावा, त्याचा ओहमचा आकडा अँपशी जुळतोय ना ते पाहून. पण स्पीकर काढून अँप कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

तळघर
आधी एक गोष्ट: '१३ साँग्ज' (बँडच्या पहिल्या दोन ईपी, म्हणजे छोट्या रेकॉर्ड, एकत्र केलेला संग्रह) आणि 'रिपीटर' यांना एकच मोजमाप लावू नका. फुगाझीचा पहिला कार्यक्रम वॉशिंग्टन डीसीत ३ सप्टेंबर १९८७ ला झाला, तेव्हा दुसरा गायक-गिटारवादक गी पिचोटो बँडमध्ये नव्हता. तो आला तोही आधी फक्त गायला. १९८८ च्या पहिल्या ईपीवर गिटार एकट्या मॅकेची आहे. 'रिपीटर'पासून दोन गिटार ऐकू येतात. पिचोटोची रिकनबॅकर गिटार आतून अर्धी पोकळ, तिचा आवाज काचेसारखा, आणि मॅकेची एसजी जाड. दोघे एकच कॉर्ड क्वचितच वाजवतात. तुम्ही एका गिटारवर दोघांचं मिळून वाजवायला बघत असाल तर तिथेच गडबड आहे.

बासबद्दल: मॅकेच्या डोक्यात सुरुवातीलाच स्टूजेस (जुना रांगडा रॉक बँड) अधिक रेग्गे असं मिश्रण होतं. त्याच्या आधीच्या हार्डकोअर बँडचा, मायनर थ्रेटचा वेग त्याला पुन्हा नको होता. म्हणून चाल जो लॅलीच्या बासकडे आणि गिटार फटके मारायला मोकळी. 'वेटिंग रूम' हे गाणं बासवरच सुरू होतं, बाकीचे सामील होतात आणि मग अख्खा बँड गप्प. ती शांतता मोजून वाजवा. बहुतेक जण घाईने लवकर शिरतात आणि गाण्याचा जीवच जातो.

सातवा_फ्रेट
+१, रेझिस्टरचं लक्षात आलं. 'इन ऑन द किल टेकर' या त्यांच्या नंतरच्या अल्बमचा आवाज जास्त खरखरीत आहे, तो रेकॉर्डिंग इंजिनियर स्टीव्ह अल्बिनीमुळे ना?

तळघर
नाही. अल्बिनीबरोबर १९९२ मध्ये शिकागोत रेकॉर्डिंग झालं, पण बँडला ते पटलं नाही. १९९३ मध्ये जो अल्बम आला तो निर्माता टेड नाइसलीबरोबर, डॉन झिएंटाराच्या इनर इअर स्टुडिओत (आर्लिंग्टन, व्हर्जिनिया) पुन्हा केलेला. लेबल (रेकॉर्ड कंपनी) मॅकेचंच डिस्कॉर्ड, १९८० पासूनचं, त्यामुळे तयार रेकॉर्डिंग बाजूला ठेवायला कुणाची परवानगी लागली नाही. तिकीट शक्यतो ५ डॉलर आणि कुठल्याही वयाला प्रवेश, हाही त्याच हट्टाचा भाग.

उलटा_ठेका
ड्रमबद्दल कोणी बोललंच नाही. ड्रमर ब्रेंडन कँटीने सेटला एक मोठी घंटा टांगली होती, कार्यक्रमांच्या रेकॉर्डिंगमध्ये ती स्पष्ट ऐकू येते. गिटार बसवताना ड्रम मशीनवर सरळ फोर-फोर (चार मात्रांचा साधा ठेका) लावून सराव करू नका. गिटारचे फटके किक आणि स्नेअर या ड्रमच्या ठोक्यांमधल्या फटींत पडायला हवेत. आधी फक्त बास आणि ड्रम लावून ऐका, गिटार हातातच घेऊ नका.

पन्नास_वॅट
हे बरोबर. आणि फीडबॅक (स्पीकरच्या आवाजाने तारा आपोआप गुंजत राहणं) हवा असेल तर स्पीकरसमोर गिटार तिरकी धरा. नॉब १० वर असताना स्वर हळूहळू वर चढतो, ८ वर आणला की थांबतो. पोकळ गिटारवर मात्र तो सुटतो आणि आवरत नाही. तेव्हा आत स्पंजचा तुकडा कोंबा, किंवा अँपपासून दोन पावलं मागे सरा.